दाढ दुखायची थांबली, मग रूट कॅनाल केलं

रूट कॅनालच्या गोष्टी बहुतेक सगळ्या एकाच वळणाने जातात, म्हणजे रात्रभर दाढ ठणकत होती, सकाळी डॉक्टरांकडे पळालो, त्यांनी नस काढली, सुटलो. माझं जरा वेगळं झालं. दाढ ठणकत होती तेव्हा मी गोळ्यांवर काढलं, मग ती आपोआप थांबली, आणि थांबल्यावर मला रूट कॅनाल करावं लागलं. घरात कोणालाच हे पटेना. सासूबाई तर सरळ म्हणाल्या, "अगं दुखत नाहीये ना आता, मग कशाला उगाच त्या दाढेला हात लावायचा, पैसे वर आलेत का?"

तर ते का करावं लागलं, आत नेमकं काय करतात, आणि दातांच्या बाबतीत दुखण्यावर किती विश्वास ठेवायचा, हे सगळं मी डॉक्टरांचं डोकं खाऊन समजून घेतलं ते लिहितेय. मी स्वतः अकाउंट्सवाली, त्यामुळे प्रश्न विचारायची आणि हिशेब जुळेपर्यंत न सोडायची सवय आहे एवढंच.

दाढ खालची, डावीकडची. केसपेपरवर तिला ३६ लिहितात, ३ म्हणजे खालचा डावा भाग आणि ६ म्हणजे मधल्या दातापासून मोजत गेलं तर सहावी. ही पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते आणि कुठलाही दुधाचा दात न पडता त्यांच्या मागे गुपचूप उगवते, त्यामुळे आईवडलांना ती दुधाचीच वाटते आणि कोणी फारसं लक्ष देत नाही. सगळ्यात आधी कीड लागते ती बहुतेक वेळा हिलाच. माझ्याही त्या दाढेत कॉलेजात असताना चांदी भरलेली होती, आणि त्या चांदीच्या खाली कडेने परत कीड सुरू झाली होती, जी वरून दिसत नव्हती.

सुरुवात गार पाण्याने झाली. फ्रीजमधलं पाणी प्यायलं की एक सणक यायची आणि लगेच जायची. मस्तानी खाताना उजव्या बाजूने खायची सवय कधी लागली ते कळलंसुद्धा नाही. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की या टप्प्यावर आले असते तर बहुतेक नुसत्या फिलिंगवर भागलं असतं, कारण गार काढून घेतल्यावर सणक दोनचार सेकंदात जाते तोवर आतली नस सूज आलेली असली तरी सावरू शकते. खरी खूण असते ती किती जोरात दुखतं ही नाही, तर कारण संपल्यावर किती वेळ दुखत राहतं ही. हे मला फार महत्त्वाचं वाटलं, कारण आपण सगळे जोर बघतो, घड्याळ कोण बघतं!

मग गरम सुरू झालं. ऑफिसात चहाचा घोट घेतला की ठणका लागायचा तो चहा संपून कप धुऊन जागेवर येऊन बसले तरी चालूच. आणि मग रात्री. दिवसभर ठीक, आडवं पडलं की दाढेत हृदयाचे ठोके मोजता येतील असं. त्याचंही कारण आहे. शरीरात बाकी कुठे सूज आली तर तो भाग फुगायला जागा असते, दाताच्या आत नाही. नस, रक्तवाहिन्या असलेला जो मऊ भाग असतो, ज्याला डॉक्टर पल्प म्हणतात, तो चारी बाजूंनी कडक दाताच्या भिंतीत बंद असतो, त्यामुळे सूज आली की आतला दाब वाढतो, आणि आडवं पडल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब आणखी थोडा वाढतो, म्हणून रात्री. मी उशीवर उशी ठेवून अर्धवट बसून झोपायचे. उशाशी गार पाण्याची बाटली, कारण एव्हाना उलटं झालं होतं, गार पाणी तोंडात धरलं की बरं वाटायचं. मला वाटलं चला, गारचा त्रास गेला, सुधारणा आहे. डॉक्टर हे ऐकून हसल्या, म्हणाल्या, पेशंट गार पाण्याची बाटली घेऊन क्लिनिकमध्ये आला की आम्हाला तपासायच्या आधीच अंदाज येतो, नस परत न येण्याच्या मार्गावर गेलीय.

गंमत म्हणजे तेव्हा मला कुठली दाढ दुखतेय हेच सांगता येत नव्हतं. कधी वरची वाटायची, कधी कान. मी तर कानाच्या डॉक्टरांकडे जायच्या बेतात होते. पल्पमध्ये वेदना कळते पण ती नेमकी कुठून येतेय हे कळण्याची सोय नसते, आणि खालच्या दाढेची कळ कानाकडे जाणं अगदी नेहमीचं आहे. एक मात्र, कळ डावीकडची उजवीकडे जात नाही.

या सगळ्या काळात घरगुती उपाय जोरात. सासूबाईंची लवंग, आत्याचं लवंगेचं तेल कापसावर. लवंगेला नावं ठेवायची नाहीत मला, तिच्यातलं युजेनॉल खरंच बधिर करतं आणि डेंटिस्ट लोक तेच झिंक ऑक्साइडमध्ये कालवून तात्पुरत्या सिमेंटसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेत. पण ते दुखणं दाबतं, कीड काही काढत नाही. आणि नवऱ्याने कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून अँटिबायोटिक आणायचा घाट घातला होता, ते मी घेतलं नाही, निव्वळ पित्ताच्या भीतीने, पण ते बरंच झालं. नुसती नस सुजलेली असताना अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो, आणि नस मेली की दाताच्या आत रक्तपुरवठाच उरत नाही, मग औषध पोचणार कसं? अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही हेच आहे की अशा बहुतेक दुखण्यांत अँटिबायोटिक नको, दातावरचा प्रत्यक्ष उपचार करा. ताप आलाय, सूज पसरतेय असं काही असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे मात्र दाढ दुखली की पाच दिवसांचा कोर्स हा जवळपास संस्कारच आहे.

मग एका शनिवार-रविवारी दुखायचं थांबलं. एकदम. गरम चहा प्यायले, काही नाही. गार पाणी, काही नाही. अशी झोप लागली की विचारू नका. आत्याने फोनवर लवंग तेलाचं श्रेय घेऊन टाकलं.

पुढे बरेच दिवस शांततेत गेले आणि मग चिवडा खाताना एक दाणा त्या दाढेखाली आला आणि डोळ्यासमोर तारे चमकले. आता गंमत अशी की या वेळी बोट ठेवून सांगता येत होतं, हीच दाढ. शिवाय ती बाकीच्यांपेक्षा किंचित उंच झाल्यासारखी वाटायची, तोंड मिटलं की आधी तीच टेकायची. गारगरमचं काही नाही, फक्त चावलं की. हे काहीतरी निराळं आहे असं वाटून मी कोथरूडच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. क्लिनिक दुपारी एक ते साडेचार बंद, अर्थातच, पुण्यात दाढेनेसुद्धा दुपारी दुखायचं नसतं.

त्यांनी आधी एका कापसाच्या बोळ्यावर कसलासा गार स्प्रे मारला आणि तो बोळा शेजारच्या दाढेला लावला. मी खुर्चीतून उडाले. मग ३६ ला लावला. काहीच नाही. धरून ठेवला, तरी नाही. मला वाटलं पास झाले! मग आरशाच्या दांड्याने एकेका दातावर हलकेच टकटक केलं आणि ३६ वर टकटक झाल्याबरोबर मी त्यांचा हात धरला. मग एक्स-रे. तो छोटा सेन्सर तोंडात घालतात ना, त्याचे कोपरे जबड्याच्या आतल्या बाजूला टोचतात, सगळ्या प्रकारात मला सगळ्यात जास्त राग त्याचा आला. स्क्रीनवर चांदी लख्ख पांढरी, तिच्याखाली काळपट डाग थेट पल्पपर्यंत गेलेला, आणि मागच्या मुळाच्या टोकाशी हाडात एक पुसट काळी सावली.

मग त्यांनी शांतपणे समजावलं. तुमचं दुखायचं थांबलं कारण सांगणारी नसच मेलीय, बरी झाली म्हणून नाही. कुजलेला पल्प आणि जंतू आत आहेत, ते मुळाच्या टोकातून बाहेर हाडाकडे निघालेत. दात आणि हाड यांच्यामध्ये एक बारीक पडदा असतो, लिगामेंट, त्याला दाब कळतो आणि जागाही नेमकी कळते. म्हणून आता चावल्यावर दुखतं आणि म्हणून बोट ठेवता येतं. आणि ही सावली दिसतेय म्हणजे हे आजकालचं नाही, कारण हाडातलं बरंचसं कॅल्शियम गेल्याशिवाय एक्स-रेत काही दिसतच नाही.

इथे मला खरं रूट कॅनाल म्हणजे काय ते समजलं. तोवर मी समजत होते की नस दुखते म्हणून नस काढून टाकतात. तसं असतं तर माझी आधीच मेली होती, काम झालं होतं. मुद्दा आहे तो जंतूंचा. घरी येऊन वाचलं तर १९६५ सालचा एक प्रसिद्ध प्रयोग सापडला, काकेहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. उंदरांच्या दाढांना भोक पाडून पल्प उघडा टाकला. साध्या उंदरांचे पल्प सडले, मुळाशी गळवं झाली. पण जे उंदीर पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवले होते, त्यांच्या दाढांत अन्न अडकत होतं, भोक तसंच होतं, तरी पल्प जिवंत राहिला आणि भोकावर नवा कडक थर धरला. म्हणजे भोक पडलं म्हणून नस मरत नाही, जंतू शिरले म्हणून मरते. मग उपचार काय, तर आतली जागा साफ करायची आणि जंतूंना परत शिरायला फट ठेवायची नाही. बाकी सगळी तांत्रिक भानगड या दोन कामांसाठी.

पर्याय दुसरा, दाढ काढणे. हजारभरात काम. मी विचारलंही, आमच्या पिढीला विचारायला लाज नाही वाटत, आईच्या पिढीने तर निम्म्या दाढा अशाच घालवल्या. डॉक्टर म्हणाल्या काढता येईल, पण मग शेजारची दाढ हळूहळू त्या रिकाम्या जागेत कलते, वरची दाढ खाली उतरायला लागते, आणि जागा भरायला इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, करायचं म्हटलं तर पुण्यात सहज पंचवीस-तीस हजारांच्या पुढे. हिशेब माझ्याच भाषेत मांडल्यावर मी गप्प बसले.

रूट कॅनाल त्या स्वतः करणार नव्हत्या, त्यासाठी त्यांच्याकडे आठवड्यातल्या ठरलेल्या संध्याकाळी एक कन्सल्टंट मॅडम येतात. हे मला माहीतच नव्हतं, की कितीतरी क्लिनिकमध्ये बोर्डावर एक नाव असतं आणि रूट कॅनालला दुसरे डॉक्टर बाहेरून येतात. बीडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीची पदवी, झालेले डॉक्टर रूट कॅनाल करू शकतात, करतातही, पण यातच पुढे तीन वर्षांचं एमडीएस असतं, ते केलेल्यांना एंडोडॉन्टिस्ट म्हणतात. मागच्या दाढा किचकट असतात, तेव्हा कोण करणार आहे हे विचारून घेतलं तर कोणी रागावत नाही.

पहिली सिटिंग. बीपी बघितलं, सही घेतली. इंजेक्शन जबड्याच्या अगदी मागे, जिथून खालच्या बाजूची मुख्य नस जाते तिथे देतात, म्हणून निम्मा ओठ आणि जीभ बधिर होते. टोचताना दुखलं ते मुंगी चावल्याएवढं, पण लगेच छातीत धडधड सुरू झाली आणि मी घाबरले. ते त्यात मिसळलेल्या अ‍ॅड्रेनलिनमुळे, ते रक्तवाहिन्या आवळून औषध जागेवर जास्त वेळ टिकवून धरतं, आणि धडधड एकदोन मिनिटांत गेली. ज्यांना हृदयाचा किंवा बीपीचा त्रास आहे त्यांनी हे आधी सांगायलाच हवं.

मग दाढेला एक क्लॅम्प लावून त्यावर रबराचं पातळ शीट ताणून बसवलं, रबर डॅम. फक्त तेवढी एक दाढ वर, बाकी सगळं तोंड शीटच्या मागे. सुरुवातीला गुदमरल्यासारखं होतं, नाकाने श्वास घ्यायचं लक्षात ठेवावं लागतं, पण मग कळतं की याच्यामुळे थुंकी दाढेत जात नाही, औषध घशात जात नाही, आणि आत घासायची ती सुईसारखी बारीक फाइल चुकून हातातून सुटली तर पोटात जात नाही. हे रबर शीट १८६४ पासून वापरात आहे, न्यूयॉर्कच्या बार्नम नावाच्या डेंटिस्टने काढलेली युक्ती. तरीही सगळीकडे लावतात असं नाही. मी म्हणेन लावा म्हणून सांगा.

एअरोटरचा, म्हणजे दात कोरायच्या ड्रिलचा, तो आवाज, चांदी निघाली, तिच्याखालची तपकिरी मऊ कीड निघाली, आणि आत वरचं दालन उघडलं. डॉक्टरांच्या चष्म्याला भिंगं लावलेली होती. खालच्या या दाढेला मुळं दोन, पण कॅनाल, म्हणजे मुळांच्या आतले नसेचे बारीक मार्ग, साधारण तीन, पुढच्या मुळात दोन आणि मागच्यात एक, आणि बऱ्याच लोकांत मागच्यातही दोन निघतात. आणि हे कॅनाल म्हणजे सरळ नळ्या नाहीत, सदाशिव पेठेतल्या बोळांसारखे, मध्येच वळतात, मध्येच दुसऱ्याला मिळतात, टोकाला फुटतात.

मागचा कॅनाल उघडला, काही कळलं नाही. आणि पुढच्या एकात फाइल घातल्याबरोबर अशी कळ गेली की पायाचे अंगठे आखडले. मेलेल्या दाढेत! डॉक्टर लगेच थांबल्या, म्हणाल्या, "याच्यात अजून थोडी जिवंत आहे." म्हणजे एकाच दाढेत मागची नस मेलेली, पुढच्या एका मुळात शेपूट जिवंत, गार लावलं तर काही सांगायची नाही पण हात लावला की ओरडायची. आणि सुजलेल्या नसेवर इंजेक्शन नेहमीसारखं चालत नाही, हेही त्यांनी सांगितलं, विशेषतः खालच्या दाढांत. मग त्यांनी थेट आत, त्या कॅनालच्या तोंडाशी औषध सोडलं. तो क्षण वाईट होता, खोटं कशाला बोलू. एक सेकंदभर झणझणीत, आणि पुढच्या सेकंदाला शून्य. संपूर्ण उपचारात खरंखुरं दुखलं ते एवढंच. हात वर केला की थांबायचं असं आधी ठरवून घेतलं होतं त्याचा फार उपयोग झाला, तोंडात शीट असताना 'आई गं' सुद्धा नीट म्हणता येत नाही.

मग फाइलींचं काम, आणि हे बघण्यासारखं असतं, म्हणजे शेजारच्या ट्रेमध्ये. सुईसारख्या बारीक, पीळ असलेल्या, प्रत्येकीच्या मुठीचा रंग वेगळा. जांभळी १० नंबर, पांढरी १५, पिवळी २०, लाल २५. १० नंबर म्हणजे टोकाशी ०.१० मिलिमीटर, इतकी बारीक. प्रत्येक फाइलवर रबराची एक बारकी चकती सरकवलेली असते. ओठाला एक हूक अडकवतात, फाइलला एक वायर जोडतात, आणि फाइल मुळाच्या टोकाजवळ जाईल तसतसं ते छोटं मशीन टूं... टूं... टूंटूं करत जातं, रिव्हर्स घेताना गाडीचा सेन्सर वाजतो ना, तोच भाव. हा अ‍ॅपेक्स लोकेटर. टोक आलं की चकती दाढेच्या कडेशी आणतात, फाइल बाहेर काढून बारक्या पट्टीवर मोजतात, असिस्टंट ताई लिहून घेते. माझ्या कॅनालची लांबी एकोणीस-वीस मिलिमीटर निघाली. अर्धा मिलिमीटर कमी पडलं तर घाण राहते, जास्त झालं तर टोकाबाहेर हाडात टोचतं. आमच्या ऑफिसात पैशापैशाचा ताळा जुळवतात तो मला तेव्हा फार ढोबळ वाटला.

लांबी कळली की मशीनवर फिरणाऱ्या लवचीक फाइलींनी कॅनाल घासून जरा रुंद करतात आणि मधे मधे सिरिंजने पाणी सोडत राहतात. पाणी म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, कपड्यांच्या ब्लीचमध्ये असतं तेच, क्लोरिनचा वास येतो. खरं साफ करतं ते हे. फाइल फक्त वाट करते, जिथे फाइल जाऊ शकत नाही त्या फांद्यांमध्ये हे द्रावण जाऊन कुजलेलं विरघळवतं आणि जंतू मारतं. म्हणून घाईघाईत उरकलेल्या कामाची मला आता भीती वाटते, घासायला वेळ लागत नाही, भिजायला लागतो.

शेवटी आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट भरली, वर तात्पुरतं सिमेंट. काहींचं एकाच सिटिंगमध्ये सगळं होतं, तेही चालतं, माझ्याकडे टोकाशी सावली होती म्हणून त्यांनी औषध ठेवून थांबायचं ठरवलं.

आणि इथे तो दुसरा सापळा आहे ज्यात आमचे दीर अडकले होते. पहिल्या सिटिंगनंतर काही दुखत नाही. अजिबात. माणूस खूश. त्यांचं तसंच झालं, मग गणपती आले, मग ऑफिसची ट्रिप, मग दिवाळी, आणि तात्पुरतं सिमेंट हे नावाप्रमाणे तात्पुरतंच असतं, ते झिजून कडेने फट पडली, थुंकी आणि जंतू परत आत, आणि एक दिवस फुटाणा चावताना दाढ उभी चिरली. उभी चिरली की मग काही करता येत नाही, काढावीच लागते. दुखत मात्र शेवटपर्यंत नव्हतं बिचाऱ्यांचं.

दुसऱ्या सिटिंगला डॉक्टरांनी मागच्या मुळात चौथा कॅनाल शोधून काढला, पहिल्याच्या अगदी चिकटून, आधी चुनखडीसारख्या थराने बुजलेला. तो राहून गेला असता तर बाकीचे तीन कितीही चकचकीत केले तरी घाण तिथे राहिली असती. त्या दिवशी काहीच दुखलं नाही, मी निम्मा वेळ डोळे मिटून किराणा मालाची यादी करत होते.

भरतात ते गटापर्चा, गुलाबी-केशरी रंगाच्या बारीक निमुळत्या काड्या. हे एका झाडाचा चीक आहे, मलेशिया-इंडोनेशियाकडचं झाड, रबराचा चुलतभाऊ म्हणा. १८५० च्या सुमारास समुद्राखालून तारायंत्राच्या केबल टाकायला लागले तेव्हा त्यांच्यावर पाणी आत जाऊ नये म्हणून याचंच वेष्टण असायचं. समुद्राच्या तळाशी टिकलं ते माझ्या तोंडात टिकेल असं म्हणून मी निवांत झाले. काड्या सीलरमध्ये, म्हणजे फटी बुजवणाऱ्या पातळ सिमेंटमध्ये, बुडवून आत बसवल्या, वरचा भाग गरम हत्याराने कापून दाबला, एक्स-रे काढला. स्क्रीनवर मुळांच्या टोकापर्यंत चार पांढऱ्या रेघा. मी फोटो काढून नवऱ्याला पाठवला, त्याने अंगठा पाठवला.

त्यानंतर दोनतीन दिवस चावताना दुखलं आणि मी वैतागून फोन केला की आता आत नसच नाही तर दुखतं काय? उत्तर तेच, लिगामेंट. दाताच्या आतलं सगळं काढलं तरी दाताला धरून ठेवणारा तो पडदा जिवंतच असतो, आणि त्याच्या टोकाशी इतकी खुडबूड झालेली असते. ते कमी होत जातं. वाढत गेलं, सूज आली, तर लगेच दाखवायचं. म्हणजे बघा, आजारी होती तेव्हा दुखत नव्हती आणि बरी व्हायला लागली तेव्हा दुखत होती. मी तेव्हापासून दुखण्याला फक्त एक कर्मचारी समजते, साहेब नाही.

कॅप. इथे बऱ्याच लोकांना वाटतं की डॉक्टर बिल वाढवतायत. रूट कॅनालचे मला साडेसहा हजार सांगितले होते आणि कॅपचे वेगळे, मेटलवर सिरॅमिक पाच हजार, झिरकोनिया अकरा हजार. मलाही आधी तसंच वाटलं. पण कीड, जुनी चांदी, आणि आत जायला केलेली वाट, हे सगळं मिळून दाढेचा मधला भागच गेलेला असतो, उरतात त्या पातळ भिंती, आणि मागच्या दाढेवर चावण्याचा जोर सगळ्यात जास्त. त्या भिंतींना बाहेरून धरून ठेवायला कॅप. पुढच्या दाताला कधी कधी नुसत्या फिलिंगवर चालतं, दाढेला सहसा नाही. दिरांची दाढ आठवली आणि मी कार्ड काढलं. मेडिक्लेमवाल्यांना विचारून झालं होतं, अपघातात दात तुटला तर बघू म्हणाले, किडीचं नाही.

खर्चाचं ज्यांना जड जातं त्यांच्यासाठी, पुण्यात डेंटल कॉलेजं आहेत, धनकवडीला भारती विद्यापीठाचं, वडगावला सिंहगडचं, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला. कॉलेजात शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी काम करतात, खर्च बराच कमी येतो, वेळ मात्र जास्त लागतो, खेपा घालाव्या लागतात. आमच्या कामवाल्या मावशींच्या मुलीचं अशाच एका कॉलेजात झालं आणि चांगलं झालं.

कॅपसाठी दाढ चारी बाजूंनी घासून बारीक केली, माप घेतलं, आणि रंग बघायला मला खिडकीशी नेलं, ट्यूबलाइटमध्ये रंग फसवतो म्हणून. माझा ए३ निघाला. जाहिरातीतला पांढरा नाही, चहा पिणाऱ्या माणसाचा प्रामाणिक पिवळट. लॅबमधून कॅप आली, बसवून बघितली, निळा कागद दातांमध्ये धरून "टकटक करा, आता घासा" असं दहादा केलं, जिथे जास्त निळं उमटलं तिथे घासलं. इथे संकोच करायचा नाही. तोंड बधिर नसतं, उंच लागतंय असं वाटलं तर तसं सांगायचं, "चालेल, होईल सवय" म्हणून उठलात तर ती दाढ रोज मार खाणार.

मधल्या काळात नवऱ्याच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलाच, रूट कॅनाल केलेल्या दातामुळे कॅन्सर होतो, डॉक्टर लपवतात वगैरे. याचं मूळ जुनं आहे. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी वेस्टन प्राइस नावाच्या डेंटिस्टने असे दात सशांच्या कातडीखाली ठेवून ससे आजारी पडतात असं दाखवलं होतं, आणि त्या काळात लोकांचे चांगले दातही धडाधड उपटले गेले. पुढे इतरांनी नीट काळजी घेऊन प्रयोग केले तेव्हा ते टिकलं नाही. मी ग्रुपवर एवढं सगळं टाईप केलं, त्यावर कोणीतरी शुभ सकाळ पाठवलं.

सहा महिन्यांनी परत एक्स-रेला बोलावलं होतं. हे लोक हमखास चुकवतात, कारण जायचं काही कारणच जाणवत नाही. पण हाड भरतंय की नाही हे आतून कळायचा दुसरा मार्गच नाही. नवराही आला होता सोबत, गाडी पार्क करायच्या निमित्ताने. डॉक्टरांनी जुना आणि नवा एक्स-रे शेजारी शेजारी लावले. मागच्या मुळाच्या टोकाची सावली जवळपास गेलेली, तिथे हाडाची बारीक जाळी परत दिसायला लागली होती. आता वर्षाने या म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष नवऱ्याकडे गेलं, तो बोलताना त्यांना काहीतरी दिसलं असणार, "तुम्ही बसा बरं जरा," म्हणून त्याला खुर्चीत बसवलं. उजवीकडे खालची, सहाचीच, मोठा काळा खड्डा. गार स्प्रे लावला. त्याने अभिमानाने सांगितलं, काही जाणवत नाही.

त्याची अपॉइंटमेंट शुक्रवारची आहे, संध्याकाळी सातची. जायचं की नाही यावर घरात अजून चर्चा चालू आहे, सासूबाई त्याच्या बाजूने.